बंदी आली, अण्णाभाऊंनी वाट बदलली

दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या मोबाईलवर अण्णाभाऊंचे फोटो फिरतात. स्टेटस ठेवलं जातं, रील बनतात, डीजे लागतो. दोन तारखेला सगळं शांत. ज्या माणसाने कलेला लढ्याचं हत्यार बनवलं, त्याने ते हत्यार वापरलं कसं, हे मात्र आपण फारसं विचारत नाही.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १९२० साली वाटेगावात (आजचा सांगली जिल्हा) मातंग कुटुंबात झाला. शाळा मिळाली जेमतेम दीड दिवस. पोटासाठी कुटुंब पायी चालत मुंबईला आलं. हमाली, फेरीवाल्याचं काम, गिरणीतली नोकरी, जे मिळेल ते त्यांनी केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं गिरवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीशी नातं जुळलं.

त्यांचा श्रोता कामगार होता. त्यातल्या अनेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून अण्णाभाऊंनी डफ आणि ढोलकी हातात घेतली. स्टालिनग्राडच्या लढाईवर, बंगालच्या दुष्काळावर पोवाडे रचले. जगाची बातमी चाळीच्या चौकात पोहोचवली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कलापथकावरही निर्बंध आले. अण्णाभाऊ थांबले नाहीत. तमाशाच्या सुरुवातीला गणपतीला वंदन असायचं, तिथे त्यांनी महाराष्ट्राची माती आणि शिवराय आणले. कृष्ण-गवळणींचा भाग काढून टाकला. कामगाराचं जगणं रंगमंचावर आणलं आणि त्याला लोकनाट्य म्हटलं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड लोकांच्या तोंडी बसली.

डफासोबत लेखणीही चालूच होती. १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. १९५९ साली 'फकिरा' आली. इंग्रज राजवटीशी झुंजणाऱ्या मातंग वीराची ही कादंबरी कम्युनिस्ट अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पक्ष आणि पोटजात यांच्या भिंतींपेक्षा शोषितांचं नातं मोठं, हे त्यांनी या एका अर्पणपत्रिकेत दाखवलं. मग आपण बौद्ध तरुणांनी त्यांची जयंती फक्त मातंग वस्तीवर का सोडून द्यावी?

१९६१ साली ते रशियाला जाऊन आले. घाटकोपरच्या चिरागनगरातलं झोपडीतलं जगणं मात्र तिथून परतल्यावरही सुटलं नाही. १८ जुलै १९६९ रोजी हालअपेष्टांतच त्यांचं निधन झालं. पंचवीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाची ही अवस्था चळवळीने विसरू नये. आपल्या कलावंतांची गाणी शेअर करणं सोपं आहे, त्यांच्या चुलीची काळजी घेणं अवघड.

आज आपल्याकडे कॅमेरा, रॅप, व्यंगचित्र, पॉडकास्ट सगळं आहे. उद्या एखादा व्हिडिओ हटवला गेला, पेज बंद झालं, तर खचू नका. कोणासाठी बोलतोय हे पक्कं असेल, तर वाट बदलता येते. येत्या १ ऑगस्टला स्टेटस जरूर ठेवा, पण त्याआधी वस्तीतल्या पाच मुलांना जमवून 'फकिरा'चं एक प्रकरण मोठ्याने वाचा. ते रेकॉर्ड करा आणि मगच पुढे पाठवा.

जय भीम!