फावडेवाले साहेब : पियेर सेरेसोल

२०१९ सालच्या ऑगस्टातील पाऊस आमच्या भागातील मंडळी अजून विसरलेली नाहीत. मार्कंडेय नदीचे पाणी भातशेतांत पसरले, आणि बेळगाव तालुक्यात कितीतरी जुन्या मातीच्या भिंती बसल्या. कंग्राळीसारख्या गावात भिंत पडली म्हणजे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. आधी धान्याची पोती हलवायची, मग गुरे सोडायची, आणि तोवर भाऊबंद व शेजारी टोपल्या घेऊन दारात उभे राहिलेले असतात. त्यांना बोलावणे धाडावे लागत नाही. परंतु समुद्रापलीकडचा, आपली भाषा न जाणणारा असा कोणी फावडे घेऊन आला तर आपण त्याला काय म्हणू? असा एक मनुष्य सुमारे ९० वर्षांपूर्वी आपल्या देशात येऊन गेला. रविवारच्या शाळेत आपण मुलांना केरीसाहेबांची गोष्ट सांगतो, मिरजेच्या डॉ. वानलेस यांची सांगतो. याचे नाव मात्र आपल्या मंडळ्यांत क्वचितच निघते.

पियेर सेरेसोल यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी झाला. घराणे मोठे, वडील पॉल सेरेसोल १८७३ साली त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. आई मात्र पियेर लहान असतानाच वारली. मुलगा गणितात हुशार निघाला आणि झुरिक येथे शिकून इंजिनियर झाला. प्राध्यापकाची जागा मिळण्याजोगी विद्या असताना हा तरुण जगाच्या प्रवासाला निघाला. अमेरिका, हवाई बेटे, जपान येथे त्याने हाताला मिळेल ते काम केले. वडिलांकडून आलेला पैसा आपण कमावलेला नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला टोचत होती. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा त्याने तो वारसा सरकारच्या स्वाधीन करून टाकला. आमच्या ओळखीत असे करणारा अजून कोणी नाही, आणि आम्हीही त्यांत नाही, हे कबूल केलेले बरे.

युद्धाच्या त्या वर्षांत त्यांचा खरा झगडा सुरू झाला. ख्रिस्ताने शत्रूवर प्रीती करण्यास सांगितले आहे आणि ख्रिस्ती राष्ट्रे तर एकमेकांचे गळे कापीत आहेत. मग चर्च गप्प का, असा त्यांचा प्रश्न होता. १९१७ साली झुरिक येथील फ्रेंच भाषिक मंडळीच्या मंदिरात त्यांनी भर उपासनेला जमलेल्या लोकांपुढे उभे राहून तो विचारला. लष्करी कर भरण्याचे त्यांनी नाकारले व त्याबद्दल तुरुंगवास भोगला. पुढे अशाच कारणांनी ते वारंवार तुरुंगात गेले. कंग्राळीहून हिंडलग्याचा तुरुंग काही फार लांब नाही; सदसद्विवेकबुद्धीसाठी आत जाणारी माणसे आमच्या लोकांनी पाहिलेली आहेत. पण स्वतःच्या मंडळीतला, राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आत गेला तर मंडळी काय म्हणेल, हा अवघडच प्रश्न. पुष्कळांनी त्यांना देशद्रोही ठरविले.

नुसते नाही म्हणून भागत नाही, हे सेरेसोल ओळखून होते. सैनिक निदान घाम गाळतो, थंडीत कुडकुडतो, जिवावर उदार होतो. शांतीचे नाव घेणाऱ्याने त्याहून कमी का करावे? म्हणून १९२० च्या नोव्हेंबरात ते मोजके सोबती घेऊन फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या एन नावाच्या गावी गेले. तोफांनी ते गाव मातीत मिळविले होते. या तुकडीत जर्मन तरुणही होते, आणि त्यांचेच देशबांधव चार वर्षांपूर्वी तेथे लढले होते. त्यांनी खड्डे बुजवले, रस्ता नीट केला, तात्पुरती घरे उभी केली. पण जखम ओली होती. अखेर जर्मनांनी निघून जावे असे सांगण्यात आले. तेव्हा त्यांना एकटे न पाठविता तुकडीने तेथील काम आवरते घेतले. पाच महिन्यांतच सारे संपले. हे अपयशच म्हणावे लागेल, आणि सेरेसोल यांनी त्याला दुसरे नाव दिले असेल असे आम्हांला वाटत नाही.

१९२४ साली स्वित्झर्लंडमधीलच एका डोंगरी खेड्यावर बर्फाचा कडा कोसळला, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. या वेळी त्यांचे भाऊ अर्नेस्ट पुढे आले, आणि ते होते लष्करातील कर्नल! एक भाऊ सैन्याला नकार देणारा, दुसरा सैन्यातला अधिकारी, आणि दोघे मिळून दगडमाती उपसत आहेत. कामाची शिस्त अर्नेस्ट यांनी लावली. १९२८ साली लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या देशात पुराने गाळाखाली गेलेली शेते मोकळी करण्यासाठी निरनिराळ्या देशांतून शेकडो स्वयंसेवक आले. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेची ही चळवळ सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या नावाने जगभर गेली.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. जमीन फाटून वाळू व पाणी वर आले, विहिरी बुजल्या, शेते वाळूने झाकली गेली. बाबू राजेंद्रप्रसाद तुरुंगातून सुटले ते थेट मदतीच्या कामाला लागले. हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड, असे गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्यांना विरोध केला, तो वाद सर्वांना ठाऊक आहे. सेरेसोल यांची गांधीजींशी १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये भेट झाली होती. वादात न शिरता ते बोटीत बसले. तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते.

प्रथम त्यांनी परिस्थिती पाहिली, मग परत जाऊन सोबती आणले: स्वित्झर्लंडचे पॉल शेंकर, इंग्लंडचे जो विल्किन्सन व फ्रेझर हॉयलंड. मुजफ्फरपूर जिल्ह्यात काम निघाले. भूकंपानंतर जमिनीची पातळी बदलल्यामुळे जुनी गावठाणे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागली होती. तेव्हा वस्त्या उचलून उंच जागी नेणे भाग होते. नव्या वस्तीचे नाव शांतिपूर ठेवले.

आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. त्या काळी गोरा साहेब म्हणजे घोड्यावर किंवा मोटारीत, हुकूम देणारा. तो डोक्यावर टोपली घेऊन चालला आहे, ही गोष्ट गावकऱ्यांना चमत्कारिक वाटली असली तर नवल नाही. उच्चवर्णीयांनाही ती पचण्याजोगी नव्हती, कारण माती वाहणे हे खालच्यांचे काम ठरलेले. कर्नाटकात काय, बिहारात काय, ही अढी एकच. सरकार आणि काँग्रेस यांचे तेव्हा हाडवैर. सेरेसोल यांना दोघांशीही बोलावे लागे, आणि सत्ताधाऱ्यांचा माणूस म्हणून एकीकडे व गांधींचा मित्र म्हणून दुसरीकडे त्यांच्याबद्दल शंका येण्याजोगी परिस्थिती होती. शिवाय उन्हाळा. तरी १९३७ पर्यंत ते पुन्हा पुन्हा येत राहिले. दरम्यान १९३६ साली ते क्वेकर म्हणजे मित्रसमाजाचे सभासद झाले.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९४१ साली, बासष्टीच्या घरात, त्यांनी लीझ दाव्हीद यांच्याशी विवाह केला. दुसऱ्या महायुद्धात परवानगीवाचून जर्मनीची सरहद्द ओलांडून तेथील लोकांशी बोलण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पकडले गेले, आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा तुरुंग. याचा उपयोग काय झाला, असे विचारणारे तेव्हाही होते. प्रकृती ढासळली व २३ ऑक्टोबर १९४५ रोजी ते प्रभूच्या विसाव्यात गेले. ज्यासाठी ते झगडले ती लष्कराऐवजी नागरी सेवेची सवलत स्वित्झर्लंडमध्ये १९९६ साली अमलात आली.

त्यांच्या मागे ही चळवळ भारतात टिकली. १९५० नंतरच्या दशकात याच संस्थेचे स्वयंसेवक वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन राहिले. ज्यांच्या हातचे पाणी घ्यायला लोक तयार नव्हते अशा कुष्ठरोग्यांच्या बरोबरीने त्यांनी तेथे भिंती उभारल्या.