फुलराणीच्या जनकाची पत्रं

‘ती फुलराणी’ म्हटलं की भक्ती बर्वेंची मंजुळा डोळ्यांपुढे उभी राहते. पु. ल. देशपांडे यांचं हे नाटक १९७५ मध्ये रंगभूमीवर आलं. पण त्याचं मूळ आहे ‘पिग्मॅलियन’ या नाटकात, आणि ते लिहिलं जॉर्ज बर्नार्ड शॉ या आयरिश नाटककाराने.

शॉचा जन्म २६ जुलै १८५६ चा, डब्लिनमधला. वडील धान्याचे व्यापारी, पण दारूच्या आहारी गेलेले. आई गाणारी. शॉ सोळा-सतरा वर्षांचा असताना ती नवऱ्याला सोडून लंडनला गेली आणि गाणं शिकवून पोट भरू लागली. मुलगा मागे राहून कचेरीत कारकुनी करत होता. १८७६ मध्ये तोही आईकडे गेला. तिथे त्याने एकामागून एक पाच कादंबऱ्या लिहिल्या, पण प्रकाशक त्या परत पाठवायचे. त्या काळात घर चाललं ते मुख्यतः आईच्या कमाईवर! दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून वाचणाऱ्या या मुलाला तिने पोसलं, म्हणून पुढचा शॉ जगाला मिळाला.

शॉ नाटकांइतकीच पत्रंही लिहायचा, तीही हजारोंनी. त्या काळची गाजलेली अभिनेत्री एलन टेरी हिच्याशी त्याचा पत्रव्यवहार १८९२ मध्ये सुरू झाला. एकाच शहरात राहूनही दोघं कित्येक वर्षं समोरासमोर बोलले नाहीत. मैत्री सगळी कागदावर. तिच्यासाठी त्याने नाटकही लिहिलं. ती १९२८ मध्ये गेली आणि १९३१ मध्ये ही पत्रं छापून आली.

१८९८ मध्ये पायाच्या दुखण्याने शॉ अंथरुणाला खिळला. शार्लट ही श्रीमंत आयरिश मैत्रीण त्याची शुश्रूषा करायला पुढे आली आणि दोघांनी लग्न केलं. नवरदेव कुबड्यांवर! शार्लटने त्याला पंचेचाळीस वर्षं सांभाळलं.

१९१४ मध्ये लंडनला ‘पिग्मॅलियन’ झालं, तेव्हा फुलवाली एलायझा झाली मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. शॉ तिच्यात गुंतला होता, तशी पत्रंही त्याने लिहिली होती. पुढे तिचे दिवस फिरले, पैशांची चणचण भासू लागली. ती पत्रं छापावीत असं तिच्या मनात होतं. पण शार्लटला दुःख होईल म्हणून शॉने ती सगळी छापू दिली नाहीत. १९४० मध्ये ती फ्रान्समध्ये वारली. पत्रांचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं, तेव्हा तिघांपैकी कुणीच उरलं नव्हतं. शॉचं बरोबर होतं की तिचं, मला अजून ठरवता येत नाही. बायकोचं मन जपलं हे खरंच, पण दुसरी बाई हलाखीत गेली हेही खरं.

शॉला १९२५ चं नोबेल मिळालं. त्याने मान घेतला, पैसे मात्र स्वीडिश साहित्याच्या इंग्रजी भाषांतरांसाठी दिले. १९३३ मध्ये जगप्रवासात तो मुंबईलाही येऊन गेला. शार्लट १९४३ मध्ये गेली, शॉ २ नोव्हेंबर १९५० ला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. दोघांची रक्षा एकत्र करून घराच्या बागेतच विसर्जित केली. लहानपणी डब्लिनच्या ज्या चित्रसंग्रहालयात तो रमायचा, त्यालाही मृत्युपत्रात वाटा ठेवला होता.

डॅन लॉरेन्स या अभ्यासकाने जगभरातून त्याची पत्रं शोधून चार जाडजूड खंड काढले. त्यांनी जमवलेली पत्रं आणि नाटकांचे कार्यक्रमपत्रक, जाहिरातींसारखे कागद कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात जपून ठेवले आहेत. नाटक संपलं की आपण खुर्चीवर टाकून येतो ना, तसलेच कागद! पण कुठल्या रात्री कुणी कुठली भूमिका केली, हे शेवटी तेच सांगतात.

आपल्याही माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची पोस्टकार्डं असतील. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्याआधी एकदा वाचून बघा बरं का!