मूत्रपिंडरोगांचे शोधक डॉ. रिचर्ड ब्राइट

ज्या काळीं रोग्याची नाडी व जीभ पाहूनच बहुधा निदान होत असे, त्या काळीं रसायनशास्त्रज्ञाची परीक्षानळी रोग्याच्या खाटेपाशीं नेणारे एक डॉक्टर इंग्लंडांत होऊन गेले. त्यांचें नांव रिचर्ड ब्राइट.

त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजीं ब्रिस्टल शहरीं झाला. वडील सधन व्यापारी व पेढीवाले असल्यामुळें पोटासाठीं धडपडण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं. तथापि सुखांत लोळत पडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एडिंबरो येथें शिकत असतांच १८१० सालीं एका संशोधक मंडळीबरोबर ते आइसलंड बेटावर गेले आणि तेथील वनस्पति व प्राणी यांचीं टिपणें त्यांनीं केलीं. पुढें हंगेरीचा प्रवास करून त्यावर एक मोठा सचित्र ग्रंथ लिहिला. जें दिसेल तें नीट पाहावयाचें व तत्काळ टिपून ठेवावयाचें, ही संवय त्यांस या भटकंतींतच जडली असावी.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलांत ते १८२० सालीं दुय्यम वैद्य झाले व १८२४ सालीं पूर्ण दर्जाचे. तेथें येणाऱ्या गोरगरीब रोग्यांपैकीं पुष्कळांचे पाय, पोट व चेहरा पाण्यानें फुगलेले असत. या सुजेलाच त्या वेळीं एक स्वतंत्र रोग समजत. ब्राइट यांनीं तिचें मूळ शोधण्याचा ध्यास घेतला. रोग्याचें थोडें मूत्र चमच्यांत घेऊन तो मेणबत्तीवर धरावयाचा. अंड्याचा पांढरा बलक जसा उष्णतेनें थिजतो, तसा कित्येकांच्या मूत्रांत पांढरा साका जमे. हा साका त्यांच्या आधींही कांहीं वैद्यांनीं पाहिला होता. ब्राइट याच्या पुढें गेले. असा रोगी दगावल्यावर शवपरीक्षेंत ते त्याचीं मूत्रपिंडें तपाशीत, आणि तीं बिघडलेलीं आढळत. सूज, साका व बिघडलेलें मूत्रपिंड हीं एकाच दोरींत ओवलेलीं आहेत, हें १८२७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं दाखवून दिलें.

स्वतः ब्राइट रसायनशास्त्रज्ञ नव्हते. पृथक्करणाचें काम डॉ. जॉन बोस्टॉक यांनीं केलें. या रोग्यांच्या रक्तद्रवाचें विशिष्टगुरुत्व कमी भरतें, म्हणजे रक्तांतील प्रथिन मूत्रावाटे वाहून जातें, हें त्यावरून उमगलें. बोस्टॉक यांचीं हीं निरीक्षणें ब्राइट यांनीं आपल्या ग्रंथांत त्यांच्याच नांवानें छापिलीं.

१८३६ सालीं त्यांनीं अशा १०० रोग्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. परंतु रोगी निरनिराळ्या दालनांत विखुरलेले असल्यावर एकाची स्थिति दुसऱ्याशीं रोजच्या रोज ताडून कशी पाहावी? १८४२ सालीं रुग्णालयानें दोन दालनें केवळ या रोग्यांकरितां राखून ठेविलीं. पुरुषांच्या दालनांत २४ खाटा व स्त्रियांच्या दालनांत १८. दोहोंमध्यें विचारविनिमयाची खोली, व तिला लागूनच एक लहानशी प्रयोगशाळा. डॉ. बार्लो यांनीं रोग्यांचीं लक्षणें नोंदवावीं, डॉ. रीस यांनीं रक्त व मूत्र यांची रासायनिक तपासणी करावी, आणि सर्वांवर देखरेख ब्राइट यांची, अशी वांटणी झाली. १८४३ सालीं जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला तो बार्लो व रीस यांच्या नांवें. ब्राइट यांचा उल्लेख देखरेख करणारे म्हणून. वडील माणसाला असें एक पाऊल मागें उभें राहणें किती जड जातें, हें सांगावयास नकोच.

त्या ४२ खाटांवरील रोग्यांच्या पदरांत मात्र फारसें कांहीं पडलें नाहीं. रक्त काढणें, रेच देणें, घाम आणविणें व पथ्य, एवढेच उपाय तेव्हां हातीं होते. त्यांनीं रोग हटत नसे, आणि रक्त काढल्यानें अशक्त रोग्याचें अहितच अधिक होत असावें. ब्राइट हें सर्व डोळ्यांनीं पाहत होते, तरी त्यांची लेखणी थांबली नाहीं. मूत्रपिंडाचें काम यंत्राकडून करवून पहिला रोगी वांचविण्यांत हॉलंडचे डॉ. कोल्फ यांस यश आलें तें १९४५ सालीं, म्हणजे त्यानंतर १०३ वर्षांनीं.

१६ डिसेंबर १८५८ रोजीं हृदयाच्या झडपेच्या विकारानें ब्राइट लंडन येथें वारले. त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा रोग म्हणजे वस्तुतः अनेक रोगांचा समूह आहे असें पुढें ठरलें, व तें नांव वैद्यकग्रंथांतून मागें पडलें. मूत्रांतील प्रथिनाची तपासणी मात्र आजही होते. चमचा व मेणबत्ती यांच्या जागीं आतां रंग पालटणारी पट्टी आली आहे.