रोम हेच ज्यांचे मिशनक्षेत्र ठरले : संत फिलीप नेरी

दरवर्षी २६ मे रोजी ख्रिस्तसभा संत फिलीप नेरी ह्यांचा सण साजरा करते. सदा हसतमुख असणारे संत म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु शहराच्या ऐन मध्यभागी थंडावलेल्या ख्रिस्ती समुदायात त्यांनी पुन्हा चैतन्य आणले, हे त्यांचे कार्य विशेष मोलाचे आहे. बाजारपेठ आणि कार्यालये ह्यांच्या गराड्यात उभ्या असलेल्या आपल्या शहरी धर्मग्रामांनी ह्या संताकडे पुन्हा एकदा वळून पाहावे असे वाटते.

फिलीप ह्यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. ऐन तारुण्यात त्यांना मोंते कासिनोजवळच्या सान जर्मानो गावी एका नातेवाइकाच्या व्यापारात पाठवण्यात आले. पुढे तेथील संपत्तीचे वारस होण्याची संधी समोर होती, पण त्यांचे मन तेथे रमले नाही. ते रिकाम्या हाताने रोमला आले. एका फ्लॉरेन्सवासी गृहस्थाच्या दोन मुलांना शिकवायचे आणि त्याच्याच घरातील लहानशा खोलीत राहायचे, असा त्यांचा साधा दिनक्रम सुरू झाला.

१५२७ साली सैनिकांनी केलेल्या भीषण लुटालुटीतून रोम तेव्हा सावरत होते. चर्चेस पुष्कळ होती, बाप्तिस्मा घेतलेले लोकही पुष्कळ होते, परंतु श्रद्धेची ऊब ओसरली होती. फिलीप रस्त्यांवर, दुकानांत, पेढ्यांवर तरुणांना गाठत, त्यांच्याशी थट्टामस्करी करत आणि बोलता बोलता सत्कर्माला सुरुवात कधी करणार, असे हळूच विचारत. रात्री ते संत सबास्त्यानच्या भुयारी दफनभूमीत प्रार्थनेत घालवत. तेथेच १५४४ साली पेंटेकॉस्टच्या सुमारास पवित्र आत्म्याच्या अग्नीने आपले हृदय भरून गेल्याचा अनुभव त्यांना आला. १५४८ मध्ये त्यांनी आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या साहाय्याने गरीब यात्रेकरू व आजारातून उठलेले रुग्ण ह्यांच्या सेवेसाठी पवित्र त्रैक्याचा बंधुसंघ उभारला. १५५० च्या ज्युबिली वर्षात ह्या संघाने असंख्य यात्रेकरूंना आसरा दिला.

२३ मे १५५१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. सान जिरोलामो चर्चमध्ये ते तासन्‌तास पापनिवेदन ऐकत. दुपारी त्यांच्या खोलीत तरुण जमू लागले. वाचन, मोकळी चर्चा, प्रार्थना आणि गायन असा कार्यक्रम असे. तेथे प्रापंचिकही बोलत. खोली अपुरी पडू लागली तेव्हा चर्चच्या वरच्या मजल्यावर प्रार्थनागृह तयार झाले. त्याला इटालियन भाषेत ऑरेटोरिओ म्हणतात. पुढे संगीतातील एका प्रकारालाही हेच नाव मिळाले.

ह्याच सभांत पूर्वेकडील देशांतून आलेली मिशनऱ्यांची पत्रे वाचली जात. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे कार्य ऐकून फिलीप भारावून गेले. १५५७ च्या सुमारास काही सोबत्यांसह भारताकडे निघावे असे त्यांनी मनाशी घेतले. निर्णयापूर्वी त्यांनी ट्रे फोंताने येथील एका व्रतस्थांचा सल्ला घेतला. त्यांनी प्रार्थनेअंती सांगितले, की फिलीप ह्यांचा भारत रोममध्येच आहे. फिलीप ह्यांनी ते नम्रपणे स्वीकारले. दूरच्या देशाची ओढ त्यांनी दाराबाहेरच्या गल्लीला अर्पण केली.

ही वाट सोपी नव्हती. ते नवा पंथ काढत आहेत असा आरोप झाला. काही काळ त्यांना पापनिवेदन ऐकण्यासही मनाई करण्यात आली. त्यांनी तक्रार केली नाही. रोममधील सात प्रमुख चर्चेसची पदयात्रा ते गाणी आणि सहभोजनासह आनंदाने काढत. ख्रिस्तप्रसाद घेताच चर्चबाहेर पडणाऱ्या एका माणसामागे त्यांनी पेटत्या मेणबत्त्या घेतलेली दोन मुले पाठवली, अशी कथा सांगितली जाते. प्रभूला अंतरी घेऊन जाणाऱ्याचा सन्मान व्हायला हवा, असे कारण त्यांनी दिले. तो माणूस खजील होऊन परतला.

१५७५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी ऑरेटरी संघाला मान्यता देऊन सांता मारिया इन वालिचेल्ला हे चर्च त्याच्या हवाली केले. जुनी इमारत पाडून तेथे नवे भव्य चर्च उभे राहिले. रोमकर त्याला आजही नवे चर्च म्हणतात. २६ मे १५९५ रोजी फिलीप देवाघरी गेले आणि त्यांचा देह तेथेच विसावला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद बहाल झाले, तेही संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याबरोबर. त्यांना भारतात येता आले नाही, पण त्यांचा संघ आला. १६८५ साली गोव्यात धर्मगुरूंचा ऑरेटरी संघ स्थापन झाला. त्याची घडी बसवणारे फादर जोसेफ वाझ पुढे श्रीलंकेचे प्रेषित ठरले व २०१५ मध्ये संत म्हणून घोषित झाले.

आज शहराच्या मध्यवर्ती भागातील अनेक धर्मग्रामांना एकच चिंता भेडसावते. जुनी कुटुंबे दूरच्या वसाहतींत राहायला गेली, आठवड्याच्या दिवशी बाके रिकामी दिसतात. मग पुढे काय, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. संत फिलीप ह्यांचे जीवन ह्या प्रश्नाला उत्तर देते. जे गेले त्यांची आठवण ठेवावी, पण जे रोज दारावरून जातात त्यांनाही आपले मानावे. दुकानातील कामगार, परगावचा विद्यार्थी, इस्पितळात आलेल्या रुग्णाचा नातेवाईक, हे सारे आपल्या अंगणातच आहेत. संध्याकाळी उघडे असलेले दार, पापनिवेदनासाठी वेळ देणारे धर्मगुरू, मोकळेपणाने बोलणारे प्रापंचिक आणि मनापासून म्हटलेले गीत एवढ्यावर रोमच्या मध्यभागी नवी पालवी फुटली होती. आपला भारत आपल्या दाराशीच आहे, हे ओळखण्याची कृपा संत फिलीप नेरी ह्यांच्या मध्यस्थीने आपणां सर्वांना लाभो!