परक्यांच्या गल्लीत राहायला गेलेल्या जेन ॲडम्स

एकाने काही केलं की अख्ख्या मोहल्ल्याकडे बोट दाखवलं जातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात हेच चालायचं. तिथे या बोट दाखवण्याच्या आड जी बाई आली, ती त्या मोहल्ल्यातली नव्हतीच.

जेन ॲडम्स यांचा जन्म १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल गावचा. घर खातंपितं, वडील राज्याच्या सिनेटमध्ये. आई त्या दोन वर्षांच्या असतानाच गेली. लहानपणीच्या आजाराने पाठीचा कणा कायमचा वाकला. पुढे लंडनला टॉयन्बी हॉल पाहिला, तिथे शिकलेली मुलं गरीब वस्तीत राहून काम करायची. मग १८८९ साली मैत्रीण एलन गेट्स स्टार यांच्यासोबत त्यांनी शिकागोत एक जुनं घर घेतलं आणि राहायलाच गेल्या. तेच हल हाऊस. भोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, बोहेमियन आणि रशियातून पळून आलेले ज्यू.

या लोकांमुळे गुन्हे वाढले, असं शहर म्हणायचं. जेनबाईंनी आधी कचऱ्याकडे पाहिलं. १८९५ मध्ये त्या वॉर्डच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे उठून गाड्यांच्या मागे फिरू लागल्या.

मुलांबाबत त्यांची नजर फार बारीक होती. मुलं इंग्रजी शिकली की त्यांना आईबापांचीच लाज वाटायची, घराचा धाक सुटायचा आणि रस्ता त्यांना ओढून न्यायचा. उर्दू शाळांतल्या आम्हा शिक्षकांना हे लगेच कळतं. पालकसभेत आईचं मोडकं मराठी ऐकून मान खाली घालणारं पोर आम्ही दरवर्षी बघतो. जेनबाईंनी १९०० साली श्रमाचं संग्रहालय काढलं. तिथे म्हाताऱ्या बाया आपापल्या देशाच्या पद्धतीने सूत कातायच्या आणि पोरं आपल्या आईचा हुनर बघायची.

पकडलेली पोरं तेव्हा मोठ्या गुन्हेगारांसोबत कोठडीत टाकली जायची. हल हाऊसच्या बायकांनी इतरांच्या साथीने पाठपुरावा केला आणि १८९९ मध्ये अमेरिकेतलं पहिलं बाल न्यायालय शिकागोत उभं राहिलं. त्याची पहिली प्रोबेशन अधिकारी, अल्झिना स्टीव्हन्स, हल हाऊसमधलीच.

खरी कसोटी १९०८ च्या मार्चमध्ये लागली. लाझारस ॲव्हरबुक हा काही महिन्यांपूर्वीच आलेला ज्यू तरुण सकाळी पोलीसप्रमुखाच्या घरी गेला आणि तिथेच गोळ्या लागून मेला. तो खून करायला आलेला अराजकवादी होता, असं पोलिसांनी जाहीर केलं. बहिणीला चौकशीसाठी धरलं, ज्यू वस्तीत धाडी पडल्या. जेनबाईंनी त्या पोराला निर्दोष म्हटलं नाही. चौकशी नीट व्हावी, एवढंच धरून ठेवलं, वकिलासाठी पैसे उभे केले आणि पुरलेलं प्रेत काढून पुन्हा तपासायला लावलं. वर्तमानपत्रं तुटून पडली. तो तिथे का गेला होता, हे कधीच सिद्ध झालं नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातलं हेच सगळ्यात अवघड काम. नोबेल त्यामानाने सोपं.

ते शांततेचं नोबेल १९३१ मध्ये मिळालं. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या विकरशॅम आयोगाने अहवाल दिला की परदेशात जन्मलेले लोक लोकसंख्येच्या प्रमाणात स्थानिकांपेक्षा कमी गुन्हे करतात. तोवर १९२४ च्या कायद्याने इटालियन आणि रशियन ज्यूंसाठी अमेरिकेचं दार जवळजवळ बंद केलं होतं. १९३५ मध्ये जेनबाई वारल्या. हल हाऊसच्या अंगणात शेवटच्या दर्शनाला हजारो लोक आले.