पंडिता रमाबाई
लेंटचे उपवास आले, की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरविलेली ही विदुषी! 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला, तरी आपल्या पापाची बोचणी काही जाईना. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आहोत तसेच ख्रिस्ताच्या पायाशी जायचे. आधी लायक व्हावे लागत नाही. पुढे केडगावी त्यांनी कृपासदन काढले, तेही जगाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी. आमच्या घरी अशाच एका मावशीचे नाव लाजेने कोणी काढीत नसे, मीही नाही. रमाबाई वारल्या 5 एप्रिल 1922 रोजी, लेंटमध्येच. यंदा उपवासाच्या प्रार्थनेत, भगिनींनो, मी मावशीचे नाव सर्वांदेखत घेतले.