आनंदाचे बळ

अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, हा त्या काळचा दंडक त्यांनी मानला नाही. लोकनिंदा सोसून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत पढविले. या दांपत्याच्या पोटी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. तीर्थोतीर्थी जावे, पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर गुजराण करावी, असा या कुटुंबाचा क्रम असे. आईजवळ शिकता शिकता रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

त्या सोळा वर्षांच्या असताना दुष्काळाने या कुटुंबाची अन्नान्नदशा केली. प्रथम वडील गेले. मागोमाग आई व थोरली बहीण. आईचे शव उचलावयास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास यांनी दिला आणि चौथा रमाबाईंनी. पण त्या पडल्या ठेंगण्या. तिरडी खांद्यावर पेलेना, म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला आणि स्मशानाची लांबची वाट तशीच चालून काढली.

पुढे ही भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. परंतु दुःखाने पाठ सोडली नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. १८८२ मध्ये पटकीने त्यांनाही नेले. जवळ उरली ती तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. मात्र बाप्तिस्मा घेताच मन निवाले, असे झाले नाही. आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नाही, ही रुखरुख त्यांना कित्येक वर्षे होती. सुमारे आठ वर्षांनी ती शमली आणि त्यांना अंतरीचा आनंद लाभला. गेलेल्या माणसांचा त्यांना विसर पडला, असा याचा अर्थ नव्हे. ज्या देवाला त्या शरण गेल्या होत्या, तो दुःखातही आपल्याजवळ आहे, या भरवशाचा तो आनंद होता.

१८९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगावयास नको होते! त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे नाना उद्योग मुली शिकू लागल्या. मनोरमेने अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्या मुली येथे काम करीत, प्रार्थना करीत आणि मराठी भजने गात.

बायबल साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत असावे, या हेतूने रमाबाईंनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि भाषांतर हाती घेतले. त्या ग्रंथातील नहेम्याच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. यरुशलेमचा पडलेला तट पुन्हा उभारणारे लोक शास्त्रवाचन ऐकून रडू लागतात. तेव्हा रडू नका, देवाच्या ठायी आनंद माना, त्यातूनच बळ मिळते, असे त्यांना सांगितले जाते. हा भागही रमाबाईंना मराठीत उतरवावयाचा होता.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या माघारी मुक्तीचा कारभार तिनेच पाहावयाचा होता. रमाबाई आता त्रेसष्ट वर्षांच्या होत्या; ऐकू कमी येई, शरीर थकले होते. तरी भाषांतराचे काम त्यांनी खाली ठेवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले होते.